चौकातली आई छापायची नाही

माझ्या आईचा चेहरा एका शिल्पकाराच्या पुतण्याच्या मालकीचा आहे. मी हे रागानं म्हणत नाही, कायदाच तसं म्हणतो. रागाचं नंतर सांगते.

शहरातल्या मोठ्या चौकात दोन मजल्यांएवढ्या उंच चौथऱ्यावर ब्राँझची एक बाई बसली आहे. हात मांडीवर, मान जराशी वळलेली. पाटीवर लिहिलंय ‘विश्रांती’. कुठून कुठून लोक तिला बघायला येतात. ती माझी आई. शिल्पकाराच्या कामाच्या जागी ती झाडलोट करायची. एका हिवाळ्यात त्यानं तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि म्हणाला, बसा. तोवर तिला कुणी नुसतं बस म्हणालंच नव्हतं, म्हणून ती बसली. फोटोला मात्र कधी नीट उभी राहिली नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत आई आहे आणि प्रत्येक फोटोत तिच्या तोंडापुढे तिचाच हात आहे. “नको गं, अवतार बघ माझा.” आम्हीही हट्ट केला नाही. आई काय, असतेच, असं वाटायचं.

मग ती गेली. बाबा तेव्हापासून पलंगावर समोरच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून झोपतात. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत फिरलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे घरातच असतो. एक दिवस म्हणाले, “तिचं तोंड लाव ना गं तिथं. मोठं. उठल्या उठल्या दिसेल असं.”

मला वाटलं, त्यात काय. चौकात गेले, फोन वर धरला. खालून काढला की हनुवटी, नाकपुड्या आणि डोक्यावरचं कबूतर. बाबांनी फोन हात लांब करून बघितला. “हे काय आहे? कबुतराचा फोटो मागितला होता का मी?”

चौकातल्या दुकानात अधिकृत पोस्टर मिळतं. तेही आणलं. त्यात मावळता सूर्य आहे आणि त्याच्यापुढे एक काळी आकृती. बाबांनी ते गुंडाळून परत दिलं.

चौकासमोर वाचनालय आहे. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आईचं तोंड बरोबर समोर येतं, पण लांब. माझ्या फोनमध्ये मसुराच्या दाण्याएवढं. लांब लेन्सवाला कॅमेरा पाहिजे आणि मोठं छापून देणारं माणूस पाहिजे. आमच्या गल्लीच्या टोकाला स्टुडिओ आहे. तिथल्या फोटोवालीनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नाही जमणार, ताई.”

“का?”

“‘विश्रांती’ छापायची नाही. पुतण्याची नोटीस येते. गेल्या वर्षी एका लग्नाच्या अल्बममध्ये नवरानवरी कोपऱ्यात आणि ती मध्ये आली होती. अख्खा अल्बम पुन्हा करायला लागला मला.”

“घरात लावायचाय. कोण बघणार?”

“घरात लावायला कदाचित चालतही असेल. पण मी धंदा म्हणून छापते. आणि मी बरोबर असले तरी वकील मलाच करायला लागतो ना? ती पोस्टकार्डं बघा.”

दारातल्या स्टँडवर चौकाची पोस्टकार्डं होती. कारंजं होतं, झाडं होती, कबुतरं होती. चौथरा रिकामा. त्यावर आभाळाचा निळा तुकडा चिकटवलेला.

मी पुतण्याकडे गेले. आई जिथं झाडायची तिथंच आता त्याचं ऑफिस आहे. फरशी अस्वच्छ होती, एवढं मुद्दाम सांगते.

“ती माझी आई आहे,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. माझी हनुवटी आईवर गेली आहे, ते त्याला दिसलं असणार. “असेल,” तो म्हणाला. “पण तुम्हाला सूट दिली की उद्या प्रत्येकाची आई निघेल.”

“प्रत्येकाच्या आईला तुमच्या काकांनी बसवून ठेवलं होतं का?”

“बसण्याचा मोबदला त्यांना मिळाला होता.”

“म्हणजे चेहरा विकत घेतला?”

“चेहरा नाही हो. कलाकृती. चेहरा तुमचाच.”

“मग द्या.”

तो हसला. वाईट माणूस नव्हता तो, हेच जास्त झोंबतं. म्हणाला, काकांना जाऊन सत्तर वर्षं झाली की हक्क संपतील, मग हवे तेवढे फोटो काढा. मी म्हणाले, माझे बाबा तोवर गॅलरीत ताटकळत उभे राहतात, चालेल? काकांच्या हातांना आई दिसली, त्याचं श्रेय त्यांना द्या, शंभरदा द्या. पण तिला उघड्या चौकात बसवायचं, सगळ्या जगानं बघावं म्हणून, आणि बघितलेलं घरी न्यायचं नाही, हा कुठला न्याय? हे मी तिथंच बोलले. त्यानं छापण्याच्या परवानगीचं दरपत्रक पुढे केलं. मी ते टेबलावर तसंच ठेवून निघाले.

दोन दिवसांनी फोटोवाली स्वतः आमच्या दारात आली. “एक फट आहे,” ती म्हणाली. “फोटो काकांचा, तुमच्या बाबांचा काढायचा. मागे ती आली तर आली. पण सहज आलेली दिसली पाहिजे. काका स्पष्ट, ती पुसट. तसा मी छापू शकते.”

“माझ्या आईनं सहज मागून जायचं?”

“तेवढंच चालतं, ताई.”

बाबा आतून म्हणाले, “माझे कपडे काढ इस्त्रीचे.”

लिफ्टनं वर नेऊन वाचनालयाच्या गॅलरीत बाबांना कठड्याशी उभं केलं. मी खाली वाकून, फोटोत येणार नाही अशी, त्यांचं कोपर धरून बसले. त्यांचा तोल जाईल याचीच धास्ती. फोटोवाली पार दुसऱ्या टोकाला, तिपाईवर लांब लेन्स लावून. त्या लेन्समधून म्हणे चौकापलीकडची आई बाबांच्या खांद्याशी आल्यासारखी दिसत होती.

“काका, माझ्याकडे बघा. थोडं हसा.”

बाबांनी बघितलं. मग सहज मान मागे वळवली आणि तिथंच राहिले. इतकी वर्षं खालून बघितली होती त्यांनी ती. समोरासमोर आज पहिल्यांदा.

“काका, इकडे. तुम्ही तिकडे बघितलं की फोटो तिचा होतो.”

बाबा हलले नाहीत. “विश्रांती कसली डोंबलाची,” ते म्हणाले. “चिडलीय ती. मला यायला उशीर झाला की अशीच बसायची. बोलायची नाही, नुसती बसायची.”

“बाबा, इकडे बघा ना.”

“थांब गं.”

मी फोटोवालीला खुणेनं म्हणाले, आता आईवर धर, आता काढ. तिनं माझ्याकडे बघितलं. तिचा हात लेन्सच्या फोकस बदलणाऱ्या कड्यावर होता. तो तसाच राहिला, फिरला नाही. तिला दुकान आहे, मी तिला काय म्हणू. बाबांवर धरून तिनं फोटो काढला.

फोटो मोठा छापून आला. बाबांचं टक्कल लख्ख, मानेवरचा तीळ, कानातलं यंत्र, कॉलरची शिवण, सगळं मोजून घ्यावं असं. आणि पलीकडे एक तपकिरी डाग. डोळे कुठं, ओठ कुठं, काही कळत नाही. बाबांनी तो स्वतः उभं राहून भिंतीवर लावून घेतला.

“छान आलाय,” ते म्हणाले.

माझा पारा चढला. “काय छान? तिचं तोंड कुठं आहे यात?”

“मी बघितलं ना ते. हे बघितलं की मला ते आठवतं.”

“तुम्ही बघितलंत. मी कुठं बघितलं? आधी गेले तेव्हा फोनमध्येच बघत होते, आणि त्या दिवशी सगळा वेळ तुमच्याकडे, पडाल म्हणून.”

फोटोत स्वतःचं टक्कल जिथं होतं, तिथं बाबांनी तळवा ठेवला आणि उरलेल्या डागाकडे बघत म्हणाले, “उद्या मी घरीच थांबतो. गॅलरीत एकटी जा तू.”