सामन्याआधीची गोळी

माझा भाऊ बादल कबड्डी खेळतो, आणि त्याच्या गुडघ्याने मला नको नको करून सोडलंय. आर्णीजवळच्या आमच्या तांड्याची टीम आहे. मैदानात उतरण्याआधी सगळे ओळीने बसतात आणि कप्तान श्रावण प्रसाद वाटावा तशी एकेकाच्या हातावर दुखण्याची गोळी ठेवतो. दुखो न दुखो, घ्यायचीच. या गोळ्यांच्या जोरावर बादल दुखरा गुडघा घेऊन दोन हंगाम खेळला. शेवटी भिंत धरून चालायला लागला, तेव्हा त्याला यवतमाळला न्यायचं माझ्याच नशिबी आलं.

तिथल्या डॉक्टरांनी त्याचंच रक्त काढून यंत्रात फिरवलं आणि त्यातला प्लेटलेट्सचा भाग गुडघ्यात सोडला.

"आता सुजेल, ठणकेल," ते म्हणाले. "ती सूजच आतलं काम करते. दुखण्याच्या गोळ्या सूजच उतरवतात, म्हणून मी सांगेपर्यंत त्यातली एकही नको. हे लागू पडलं तरच पुन्हा खेळता येईल."

पुढचे दिवस तो कण्हायचा आणि मी डॉक्टरांनी सांगितला तेवढाच बर्फ लावायची. घरातल्या गोळ्या मी शेजारी नेऊन ठेवल्या, त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. जीव अगदी विटून गेला.

ठणका ओसरला आणि तांड्यातच सामना आला. "नुसता पाह्यतो," म्हणाला आणि जाऊन ओळीत बसला. श्रावण गोळ्या वाटत आला. त्याला डॉक्टरांचं सांगणं माहीत होतं, म्हणून बादलला सोडून तो पुढच्याकडे वळला. शहाणपणाचंच केलं. पण बादलने त्याचा शर्ट ओढला आणि हात पुढे केला. ओळीत पसरलेला हात रिकामा ठेवायचा नाही, ही आमच्या टीमची रीत. मी बायकांतून उठून पळत पोचेपर्यंत गोळी पोटात गेली होती.

डॉक्टरांना फोन लावला. "किती बिघडलं ते आज सांगता येणार नाही. वाट पाहा," एवढंच म्हणाले.

मी तणतणत त्याच्यापुढे उभी राहिले. "काहून घेतली? दुखून राह्यलं होतं का?"

"नाही."

"मंग?"

टीम मैदानात उतरली होती. तो तिकडेच बघत होता.

"गुडघा जाईन तं जाईन, ताई. पण श्रावण मले सोडून पुढं गेला."

रिकाम्या झालेल्या त्या ओळीत मी त्याच्या शेजारी बसले.