विळा कुठं असतो

"या की वहिनी उद्या सकाळी! गहू कापायला घेतोय!" दीर रस्त्यावरूनच ओरडला. गाडीवरून उतरला नाही, की गाडी बंद केली नाही.

वहिनी अंगण झाडत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "बघू," म्हणाली.

म्हणे, या की! अख्खं गाव त्याला 'याबसा' म्हणायचं. स्वतःच्या दारात आडवा उभा राहून "या, बसा, चहा घ्या" करायचा, आणि दारातून तसूभर हलायचा नाही मेला. फुकटचा आग्रह करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

गावाची रीत साधी. ज्याला खरंच माणूस हवं, तो घरात येऊन त्या माणसाचा विळा उचलतो आणि चालायला लागतो. मग मागोमाग जावंच लागतं. नुसतं तोंडाचं बोलावणं कुणी धरत नाही. मागच्या साली वहिनीनं ह्याच दिराचा विळा उचलला होता. "व्हा पुढं वहिनी, आलोच," म्हणाला, तो आलाच नाही. आभाळ फुटलं. निम्मा गहू रानातच काळा पडला आणि वहिनीच्या घरानं त्याच कुबट पिठावर वर्ष काढलं.

सकाळी आभाळ भरून आलं. दिराच्या रानात चिटपाखरू नव्हतं. "या की" करत गाव फिरला होता, त्याला "येतो की" तेवढं मिळालं होतं. दुपारी गाडी वहिनीच्या दाराशी आली, आणि चक्क बंद झाली.

"वहिनी, विळा कुठं असतो तुमचा?"

सख्खा दीर, आणि हे विचारतोय! कधी उंबरा ओलांडला असेल तर ना.

"आत, खिडकीच्या वर. चपला काढून जा."

तो गुमान आत गेला आणि विळा घेऊन अंगणात आला.

"व्हा पुढं भाऊजी," वहिनी सूप आपटत म्हणाली, "आलेच."

दिराचं तोंड खर्रकन उतरलं. पाय काही हलेना. "नाही वहिनी, तसं नको. बरोबरच चला."

"का हो? 'आलेच' म्हणजे काय, ते बरं कळतं की तुम्हाला!"

असल्या माणसाचं तोंड बघू नये, तिला वाटलं. पण गव्हानं कुणाचं घोडं मारलं होतं? तिनं पदर खोचला, त्याच्या हातातला विळा हिसकला आणि पुढं निघाली.

"गाडी राहू दे इथंच. वाटेतल्या प्रत्येक घरात शिरायचं. चपला काढून. मी बाहेर उभी राहून बघते."