उतारावरची तार

दर रविवारी सकाळी तिघं सायकली घेऊन टेकडीवर जायची. पुढे गेंडा. धंद्याने वायरमन, पण सायकल जाड टायरची, दगड म्हणू नका, मुळं म्हणू नका, सगळ्यांवरून जाणारी, आणि हा गडीही तसाच, म्हणून गेंडा. मधे मास्तरीणबाई, आठवडाभर शाळेत गणित शिकवणाऱ्या आणि उतारावर सगळा हिशेब सोडून सुसाट सुटणाऱ्या. शेवटी ती. ती फिजिओथेरपिस्ट, गेंडा तिला चारचौघांत मसाजवाली म्हणायचा आणि ती त्याला बल्बवाला.

घरी मात्र ती रविवारी पोहायला जाते, असंच आईबाबांना माहीत होतं. सायकल गेंड्याच्या गॅरेजात असायची आणि परतताना ती त्याच्याच नळाखाली डोकं भिजवून घ्यायची. कारण तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी याच टेकडीच्या वाटेवर एका सायकलवाल्याने आईला उडवलं होतं. खुब्याचं हाड मोडलं, आणि तो थांबलासुद्धा नाही. आईला पुन्हा उभं तिनेच केलं, पण वॉकर काही सुटला नाही. तेव्हापासून बाबांसमोर सायकलचं नाव काढायची सोय नव्हती. रस्त्यावर नुसती घंटी वाजली तरी त्यांचा जबडा आवळायचा.

मग वाटेवर काटेरी फांद्या दिसू लागल्या. वाऱ्याने पडल्या असतील, म्हणून तिघांनी त्या बाजूला सारल्या. नंतर एका वळणापलीकडे ओंडका आला, नेमका शेवटच्या क्षणी दिसेल असा.

"आपण कुणाच्या तरी डोक्यात गेलोय," गेंडा म्हणाला.

पुढच्या रविवारी तार होती. दोन झाडांच्या मधे, बरोबर गळ्याच्या उंचीला. बाईंच्या सायकलची चेन थोडं वर निसटली होती, ती बसवून गेंडा हात पुसत मागे राहिला होता, म्हणून त्या पुढे रमतगमत येत होत्या. गळ्यावर नुसता ओरखडा उठला.  गेंड्याने तार कापली, पिळाचा भाग बोटांत फिरवून पाहिला.

"घाईत केलेलं काम नाही हे," तो म्हणाला.

पोलिसांनी तक्रार घेतली आणि लक्ष ठेवू म्हणाले. आठवडाभर तिचं कामात चित्त नव्हतं. पेशंटचा गुडघा वाकवताना नजर त्याच्या गळ्याकडे जायची. शनिवारी तिने दोघांना सांगितलं, "तुम्ही सायकली गाडीत टाकून वर जा. मी खालून पायी चढते आणि अख्खी वाट बघते. माझा फोन आल्याशिवाय निघू नका."

रविवारी धुकं होतं. ती हात पुढे धरूनच चढत होती, आंधळ्यासारखी. झाडांतून पाखराचा आवाज नव्हता. अर्ध्या वाटेवर, जिथे उतार सगळ्यात तीव्र होतो, तिथे एक माणूस पाठमोरा उभा राहून झाडाला काहीतरी आवळत होता. अंगात जुना स्वेटर, एक खांदा किंचित वर उचललेला. तो खांदा तिने लहानपणापासून पाहिला होता. 

"बाबा."

ते दचकले नाहीत. सावकाश वळले. "तू इथे कशी? पोहायला नाही गेलीस?"

"हे काय करताय तुम्ही?"

"काही नाही. थांबायला शिकतील."

"अहो, माणूस मरेल."

"तुझी आई पडली होती तेव्हा कुणी थांबलं?" आवाज अगदी शांत होता, दुधाचा रतीब वाढवायला सांगावं तसा.  "घरात ती वॉकर सरकवते, तो आवाज मी दिवसभर ऐकतो. तू कामावर असतेस."

"गेल्या रविवारी माझी मैत्रीण अडकली या तारेत. तिच्या मागे मी होते."

"मागे म्हणजे?"

"सायकलवर, बाबा."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.  तिने फोन काढला. रेंज नव्हती. आणि तेवढ्यात वरून तो आवाज आला, जाड टायर ओल्या मातीवर घुमत येतो तो. गेंड्याला कधी धीर धरवला होता?

"सोडा ती तार," ती ओरडली आणि वर पळत सुटली. मागे बाबा पकडीने पीळ उलगडू पाहत होते.  पक्कड सुटून पाचोळ्यात गेली.

गेंडा धुक्यातून एकदम समोर आला. तिला पाहताच त्याने ब्रेक दाबले, पण चाकं ओल्या पानांवरून घसरतच राहिली आणि तो तिला चाटून खाली गेला. ती वळली. बाबा तारेच्या अलीकडे, वाटेच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभे होते.

आपटल्याचा आवाज फार मोठा झाला नाही.

मास्तरीणबाई मागून आल्या तेव्हा गेंडा खांदा धरून बसला होता आणि बाबा पडल्या पडल्या कण्हत होते. बाईंची नजर तारेवर गेली, मग पाचोळ्यातल्या पकडीवर. "कोण आहेत हे?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. "माझे वडील," ती म्हणाली. बाईंनी स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि मदत आणायला खाली गेल्या.

गेंड्याचं कॉलरबोन मोडलं. तो पुन्हा कधी तिच्याशी बोलला नाही. बाबांच्या बरगड्या गेल्या, डोक्याला मार बसला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पोलिसांना सगळं आपणहून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "वर आणखी बांधल्यात." कुठे, ते मात्र आठवेना. कधी म्हणायचे एक, कधी म्हणायचे जास्त. पोलिसांनी आणि जंगलखात्याने दोन दिवस टेकडी पिंजून काढली, काही सापडलं नाही. वाट बंद करून अडथळा लावला.

आईने तिला एवढंच विचारलं, "माझे पाय चोळून झाल्यावर सायकलवर बसायचीस?" तिने वॉकर आईच्या हाताशी सरकवून ठेवला.

आता रविवारी ती त्या अडथळ्यापाशी उभी असते. वाटेवर चालून पाहते, झाडांच्या बुंध्यांवरून हात फिरवते, पुन्हा येऊन उभी राहते. परवा एक जोडपं आलं, नव्याकोऱ्या सायकली घेऊन, हसत-खिदळत. सायकली अडथळ्यावरून उचलू लागले तशी ती आडवी आली.

"वर तार आहे," ती म्हणाली.

"सापडली नाही म्हणे कुणाला," तो म्हणाला. "अफवा असेल."

"माझ्या वडिलांनी बांधलीय."

दोघांचं हसू मावळलं. त्यांनी सायकली वळवल्या आणि जाताना त्या जोडप्यातली बाई दोनदा मागे वळून तिच्याकडेच पाहत राहिली, टेकडीकडे नाही.