आधी कागद

खाडीत इंग्रजांची चार गलबतं येऊन थांबली होती. न्यू ॲमस्टरडॅमच्या किल्ल्याचा मातीचा तट मात्र डुकरांनी उकरून निम्मा ढासळवला होता. म्हणून डच कंपनीचा मुकादम टोनिस सकाळीच गाडीरस्त्यावरच्या काळ्यांच्या वस्तीत आला.

"चला, फावडी घ्या. तट बांधायचाय."

फिलिपा चुलीपुढून उठली नाही. वीस वर्षांपूर्वी कंपनीने तिला अर्धं स्वातंत्र्य दिलं होतं. शेत तिचं, पण बोलावलं की राबायचं, आणि पोटची पोरं कंपनीची गुलाम. तिची क्लारा बारा वर्षांची होती. पूर्ण स्वातंत्र्यासाठी वस्तीने केलेला अर्ज आठ महिने किल्ल्यात पडून होता. शहर गेलं, की कंपनीच्या मालासोबत क्लाराही नव्या धन्याकडे जाणार.

"आधी कागद," फिलिपा म्हणाली. "मुलांच्या नावांसकट."

"अगं, तिकडे तोफा रोखल्यात!"

"मग पळत जा ना, मुकादम."

शेजारचा म्हातारा ख्रिस्तोफल खो खो हसला. "आम्ही अर्धेच मोकळे. हवं तर अर्धा खड्डा खणून देतो."

त्याने फावडं खाली टाकलं. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. टोनिसने चाबकाची धमकी दिली, पण चाबूक चालवणारे शिपाई सगळे तटावर होते. दुपारी तो घामाघूम होऊन शिक्क्याचा कागद घेऊन आला. ख्रिस्तोफलने अक्षरं लावत नावं तपासली, तेव्हा कुठे फावडी उचलली गेली.

चार दिवसांनी, एकही गोळा न सुटता, शहर इंग्रजांचं झालं. त्याचं नाव न्यूयॉर्क झालं. जुने करार डच रीतीनेच पाळायचे, असं तहात ठरलं होतं.

त्याच आठवड्यात एक इंग्रज अंमलदार कंपनीच्या मालाची यादी घेऊन वस्तीत आला. दुभाषा म्हणून सोबत टोनिस.

अंमलदाराने क्लाराकडे बोट केलं. "ही कुणाची?"

फिलिपाने कागद टोनिसच्या हातात दिला. "वाचा. मोठ्याने."

"क्लारा, फिलिपाची मुलगी. स्वतंत्र," टोनिस पुटपुटला.

अंमलदाराने यादीतलं नाव खोडलं.

"पुढची नावंही वाचा. आणि जरा घसा मोकळा करून, आवाज शेतापर्यंत जाऊ दे," फिलिपा म्हणाली.

टोनिसला वाचावंच लागलं. एकेक नाव घेतलं, की त्या त्या शेतातून, कणसांच्या आडून, कुणी ना कुणी ओरडायचं, "इथे आहे!"