हातगुणाचा मेल

बन्सीधर गुरुजींचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते.

"मैथिलीताई, सकाळपासून मेल टाकून बसलोय. सविताला ओ निगेटिव्ह पाहिजे, दोन बाटल्या. एकानं बी हूं का चूं केलं न्हाई. तुमची यादी झोपली का काय?"

सविता म्हणजे त्यांची सून. वालूरहून परभणीला बाळंतपणासाठी आणलेली. बाळ सुखरूप होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. आणि यादी म्हणजे आमची रक्तदात्यांची मेलची यादी. एका पत्त्यावर मेल टाकला की तो जिल्हाभरच्या दात्यांना जातो. आधी व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, पण तिथे गुलाबाची फुलं आणि सुविचार यांच्या ढिगात माणसाचा जीव सापडेना. म्हणून मी आणि पुण्यातल्या माझ्या धाकट्या भावाने, शंतनुने, हे सॉफ्टवेअर उभं केलं.

"गुरुजी, मला तुमचा मेल आलाच नाही."

"असं कसं? त्याच मेलवर टाकलाय की. पाथरीच्या लेकराला रक्त मिळालं तो. त्याला हातगुण हाय."

मी गॅस बंद केला. काय झालं ते तिथेच कळलं, आणि माझं डोकं सणकलं.

यादीवरची पहिली मागणी पाथरीच्या एका तान्ह्या बाळासाठी होती. तासाभरात रक्त मिळालं. तेव्हापासून आमच्या लोकांनी ठरवूनच टाकलं की हा मेल यशाचा. एखाद्या डॉक्टरला हातगुण असतो ना, तसा. मग नवा मेल लिहितो कोण? तोच जुना उघडायचा आणि त्याला उत्तर म्हणून आपली मागणी टाकायची. बरेच दिवस हे खपून गेलं. मागणीला रक्त मिळालं तरी 'अभिनंदन' आणि हात जोडलेली चित्रं थांबेनात, तेव्हा आम्ही नियम घातला: ज्या मागणीला रक्त मिळालं तिच्यावरची पुढची उत्तरं कुणालाही पाठवायची नाहीत. बाजूला टाकायची. आता, आपण उत्तर दिलं की मेलच्या पोटात एक न दिसणारी खूण पडते, हा अमक्या मेलचं उत्तर आहे म्हणून. सॉफ्टवेअर ती खूण बघतं. आत सविता आहे की पाथरीचं बाळ, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मी गुरुजींचा बाजूला पडलेला मजकूर नव्या मेलमध्ये घालून सगळ्यांना पाठवला. लगेच पिंगळीहून धम्मानंदचा फोन आला, "ताई, गाडी काढायलोय." तो आमचा जुना दाता. एका बाटलीची सोय झाली. दुसरी काही मिळेना. रक्तपेढीत नव्हती, आणि यादीवरच्या बाकीच्या ओ निगेटिव्हवाल्यांपैकी कुणी नुकतंच रक्त दिलेलं, कुणी बाहेरगावी.

मी बाजूला पडलेले मेल उपसायला घेतले. अभिनंदनांच्या गर्दीत अजून एक मागणी सापडली, शिमग्याच्या सुमाराची. 'माझी आई सगुणाबाई सिरीयस आहे. ओ निगेटिव्ह. एक बाटली मी दिली. अजून एक पाहिजे. लवकर. गोपाळ, पाथरी.'

गोपाळ! दुसऱ्यांच्या माणसांसाठी रात्री-अपरात्री धावलेला माणूस. त्यानंतर लवकरच त्याने यादीतून नाव काढलं होतं. मी म्हटलं होतं, कंटाळला असेल.

शंतनुला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, त्याला रक्त माग, पण जुनं उकरू नकोस. आणि लोकांना एकदा शिकव, नवा मेल कसा लिहायचा ते."

"लोकांना नाही शिकवायचं. तो नियम काढ. आत्ता, मी फोनवर असतानाच."

"अभिनंदनांचा पूर येईल. लोक वैतागतील."

"वैतागलेल्याची समजूत काढता येते. काढ."

त्याने काढला. मग मी गोपाळचा नंबर लावला.

"मी मैथिली, रक्ताच्या यादीची."

"नाव काढलंय म्या."

"माहीत आहे. आई...?"

"गेली." मागे चालू असलेला ट्रॅक्टर त्याने बंद केला. "कुठं कुठं पळालो म्या लोकांसाठी. आन् माझ्या आईच्या वख्ताला एक मानूस बोललं न्हाई."

जुनं उकरू नको, असं शंतनु म्हणाला होता. पण सांगायचं ठरवलं होतं.

"गोपाळभाऊ, तुमचा मेल कुणाला गेलाच नाही. आम्ही घातलेल्या नियमात तो अडकला. मी तो आज पहिल्यांदा वाचला. आणि आज एका बाळंतिणीला बाटली पाहिजे म्हणून फोन केला, हेही खरं आहे."

तो शिव्या देईल, याची माझी तयारी होती. त्या खाऊन पुन्हा विचारणार होते. त्याने वेगळंच विचारलं.

"म्हंजे, वाचून कुनी गप बसलं न्हाई?"

"नाही."

"धम्मानंद बी न्हाई?"

"त्याला माहीतच नव्हतं."

"त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलो न्हाई म्या," गोपाळ म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "दारात पत्रिका घेऊन आलता, तर आत ये म्हनलो न्हाई."

मी डोळे पुसत होते.

"तो आता कुठं हाय?"

"दवाखान्यात. रक्त द्यायला गेलाय."

"त्याला म्हनावं, जाऊ नको. मी जीप धरून यायलोय."