नऊ घरांच्या नऊ मुठी

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही अकरा वर्षांचे आहात. पायाखाली तापलेली वाळू आहे आणि हातात पांढऱ्या कापडाची पिशवी. पिशवीचं तोंड इतकं अरुंद की एका वेळी एकच मूठ आत जावी. आत काय पडलं ते बघायचं नाही. पिशवी झुलवून वजनाचा अंदाज घ्यायचा नाही. मूठ बाहेर आली की "वंदन" म्हणायचं आणि पुढचं दार गाठायचं.

काकिनाड्याच्या पलीकडच्या दिब्बलपालेममध्ये जीवमणी दर बुधवारी सकाळी हेच काम करायची. तिथल्या बाप्टिस्ट चर्चची ही जुनी रीत होती. चूल पेटवण्याआधी प्रत्येक घरानं एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा. मूठ झाकलेली असायची, म्हणजे कुणाची भरलेली आणि कुणाची अर्धी हे कुणाला कळू नये. त्या तांदळाची पेज चर्चच्या ओसरीवर शिजायची आणि ज्यांची मुलं गाव सोडून गेली अशी म्हातारी माणसं ती प्यायची. त्यांच्यातलं कोण चर्चला येतं आणि कोण गंगम्मा देवीला नारळ फोडतं हे कधी कुणी विचारलं नाही.

एके काळी अशी मूठ देणारी बेचाळीस घरं होती. समुद्रानं एकेक ओळ गिळली. ज्या पायऱ्यांवरून उतरून जीवमणीच्या आईबापांनी समुद्रात बुडी घेऊन बाप्तिस्मा घेतला होता, त्या पायऱ्यांपुढं आता लाटा अडवायला टाकलेले काळे दगड होते. उरली होती नऊ घरं. त्यात मासेमारीच्या बंदीचा दुसरा महिना चाललेला. होड्या वाळूवर पालथ्या, आणि माणसं त्यांच्या सावलीत.

पहिलं घर जीवमणीचं स्वतःचंच. तिचा बाप वेरावळला बोटीवर होता. दिवाळीपासून त्याचा फोन नव्हता. घरात ती आणि बापाची आई, तिची नायनम्मा. त्या बुधवारी नायनम्मानं डबा वाकडा केला तेव्हा वाटीची कड तळाला घासल्याचा आवाज जीवमणीनं ऐकला. निघालेले तांदूळ नायनम्मानं पातेल्यात टाकले, झाकण ठेवलं, आणि मग मूठ मिटून पिशवीत घातली.

जीवमणीनं ती मूठ बघितली. रिकामी मूठ जरा जास्तच घट्ट मिटलेली असते.

"वंदन," ती म्हणाली.

"वंदन, माझे आई. उन्हाचं डोक्यावर काहीतरी घे," नायनम्मा म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आपली एक नाही तर नाही, अजून आठ घरं आहेत, असं म्हणत जीवमणी पुढं निघाली. दुसऱ्या घरी कांतम्मा दारातच उभी होती. तिची जीभ गावात प्रसिद्ध होती. "आलीस का अय्यगारूंची वसुली घेऊन?" असा पाळकांना टोमणा मारत तिनं मनगटापर्यंत हात आत घातला आणि लगेच काढला. पिशवीला झोल पडला नाही. तिसऱ्या घरी नाही, चौथ्या घरीही नाही. पाचव्या घरापाशी जीवमणीनं पिशवी दोन्ही हातांनी धरली. हलकी पिशवी वाऱ्यानं उडत होती, आणि ती उडताना कुणी बघू नये असं तिला वाटलं.

नववं घर अय्यगारूंचं, म्हणजे पाळकांचं. ते स्वतः बाहेर आले. पिशवीत हात घालताना त्यांनी डोळे मिटले. रोज प्रार्थनेला मिटायचे तसेच. त्यांचीही मूठ फार घट्ट होती.

ओसरीवर पाणी उकळत होतं. सात म्हातारी माणसं ताटल्या पुढ्यात घेऊन बसली होती. सगळ्यांत पुढं अप्पायम्मा. ती गंगम्माची भक्त होती. तिला दिसायचं कमी, पण तोंड शाबूत होतं.

"अय्यगारू, गेल्या बुधवारच्या पेजेत मला माझं तोंड दिसलं," ती म्हणाली. "बरं झालं. घरात आरसा नाहीये."

"चर्चमध्ये आलीस तर दाट देईन," अय्यगारू हसून म्हणाले.

"नको बाबा. तुम्ही लोक माणसाला अख्खं पाण्यात बुडवता. या वयात मला सर्दी व्हायची."

सगळे हसले. आज नायनम्मा आणि कांतम्मा वाढायला आल्या होत्या, त्याही हसल्या. अय्यगारूंनी पिशवीची नाडी सोडली आणि ती उकळत्या पाण्यावर पालथी केली.

शिवणीत अडकलेले चार-पाच दाणे पडले.

त्यांनी पिशवी झटकली. मग आत हात घालून चाचपली. मग ती तशीच धरून उभे राहिले.

आता नीट ध्यानात घ्या. त्या सकाळी पिशवीत हात घातलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आपली एक मूठ रिकामी होती हे ठाऊक होतं. उरलेल्या आठ भरलेल्या असणार, अशी त्याची खात्री होती. त्याच भरवशावर तर त्यानं रिकामा हात घातला होता. इतक्या वर्षांत ती पिशवी कधी रिकामी आली नव्हती.

"पोरी," कांतम्मा म्हणाली, "तांदूळ गेला कुठं?"

कांतम्मानं हातातला डाव खाली ठेवला.

"वाटेत सांडलास? का दुकानात देऊन काही खाल्लंस? नऊ घरांनी दिलेलं एकदम गायब कसं होईल?"

"कांतम्मा, लेकरू आहे ते," एक म्हातारा म्हणाला.

"लेकरू आहे म्हणूनच विचारते. आम्ही काय हवा दिली होती?" कांतम्माचा आवाज चढला होता, पण ती बघत होती चुलीकडे.

जीवमणीनं नायनम्माकडं पाहिलं. नायनम्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ती ते सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. एक शब्द बोललं की सुटका होती. पण तो शब्द पहिल्यांदा नायनम्माच्या मुठीवर पडला असता, सात म्हाताऱ्यांसमोर. मग कांतम्माच्या. मग सगळ्यांच्या.

अय्यगारूंनी उजवा हात पाठीमागं नेला. त्यांचे ओठ हलले. ते आता बोलणार, हे जीवमणीला कळलं. ते काय बोलणार तेही कळलं, आणि त्यानंतर पुढच्या बुधवारी या ओसरीवर कुणीही कुणाकडं बघू शकणार नाही, हेही.

"माझ्या हातून सांडले," ती म्हणाली. "नाडी सुटली होती."

अय्यगारूंचे ओठ मिटले. मुलांनो, ते बोलू शकले असते. नायनम्माही बोलू शकली असती. पाणी उकळत राहिलं.

"मग त्यात मीठ तरी टाका," अप्पायम्मा म्हणाली आणि तिनं ताटली पुढं केली. "काल दुपारपासून पोटात काही नाही. गरम तर आहे."

नायनम्मानं मीठ टाकलं. कांतम्मानं डावानं पाणी वाढलं, सात ताटल्यांत सारखं.

जीवमणीनं रिकामी पिशवी उचलली आणि ती ओसरी उतरली. आल्या वाटेनं ती पाचव्या घरापर्यंत गेली. सगळ्यांना नीट दिसेल अशा जागी, तापलेल्या वाळूत ती उकिडवी बसली आणि एकेक दाणा चिमटीत धरल्यासारखं करत, तिथं नसलेले तांदूळ वेचू लागली.