पंधरा तासांचं अंतर

मित्रांनो, मी एक जुनी शीतपेटी आहे. घाबरू नका. लांबचे नातेवाईक येईपर्यंत मेलेल्या माणसाला जपून ठेवायचं, एवढंच माझं काम. पत्र्याचं अंग, वर काचेचं झाकण, खाली घरघरणारं यंत्र आणि चार चाकं. त्यातलं एक वाकडं आहे.

नायगावातल्या मंडळाने मला आणलं तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! हार घातला, नारळ फोडला. त्याआधी लोक कोळ्यांकडून बर्फाच्या लाद्या आणायचे आणि घरभर पाणी व्हायचं. आता गावची पोरं दुबई, सिडनी, टोरोंटो अशी पांगली आहेत. त्यांची विमानं उतरेपर्यंत माणूस माझ्या हवाली असतो. एरवी मी मंडळाच्या मागच्या खोलीत पडून असते आणि पोरं माझ्यावर क्रिकेटचे स्टंप ठेवतात. त्याचं मला काही वाटत नाही. वाईट वाटतं ते बायजाआईंचं.

बायजाआई अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती. एकुलता एक मुलगा मितेश टोरोंटोत. त्यांचे यजमान शत्रुघ्नबाबा मोठे धोरणी. ऐन वेळी मी दुसऱ्याच घरी असल्यामुळे शेजाऱ्यांची कशी तारांबळ उडाली, ते त्यांनी बघितलं होतं. म्हणून त्यांनी मला आधीच आणून ओटीवर ठेवलं आणि वर चादर घातली. बायजाआई तेव्हा जिवंत होत्या, आतल्या खाटेवर, आणि मधलं दार उघडं होतं.

त्या रोज विचारायच्या, “इमानाला किती तास लागतान?”

“पंधरा,” बाबा सांगायचे. “साडेबारा हजार किलोमीटर हाय ना.”

“मंग आज निंगला तं उंद्या येल. बोलवा ना त्याला. मना समोर बसून बोलायचाय त्याच्याशी, फोनवर नाय.”

मितेशचा फोन आला. “बाबा, आईला बोलायचंय म्हणालात, पण सुट्टी मिळत नाहीये. तरी निघू का? की पुढच्या आठवड्यात येऊ?”

बाबांना पोराच्या नोकरीची काळजी. ते म्हणाले, “घाई नको करू. पंधरा तासांचा तं परवास. नि पेटी आनून ठेवलीय.”

“कसली पेटी?” आतून बायजाआईंनी विचारलं.

बाबांनी फोन ठेवला. वाऱ्याने चादर सरकली होती. खाटेवरून त्यांना माझी काच दिसली. त्यानंतर त्यांनी विमानाचे तास पुन्हा विचारले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या, आणि बाबांनी माझं बटण दाबलं.

पंधरा तास होते ते नुसते आकाशातले. थेट विमानात जागाच नव्हती. तिकीट मिळण्यात एक दिवस गेला, वाटेतल्या विमानतळावर दुसरा. मितेश आला तेव्हा दारात माणसं ताटकळून बसली होती. बॅग टाकून त्याने माझ्या काचेवरचं पाणी बाहीने पुसलं.

“आई, मी आलो गं. काय बोलायचं होतं तुला? सांग ना.”

तो पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. शत्रुघ्नबाबा दारातल्या माणसांकडे वळले. “मीच नको बोललू त्याला,” ते म्हणाले. मला माझ्या थंडपणाची तेव्हा लाज वाटली.

मित्रांनो, माझी वायर तपासा, काच पुसा, मला नीट ठेवा, हे तर मी सांगेनच. पण घरात कोणी आजारी असेल, तर लांबच्या माणसाला माझ्या भरवशावर थांबवू नका. मी चेहरा तीन दिवस जसाच्या तसा राखते. आवाज मला एक क्षणही राखता येत नाही.